‘ऑल इन’ म्हणजे नेमके किती?

पत्र : आदरणीय काका, मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. वय 33. एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात नोकरी करते. चौदा महिन्यांपूर्वी कॉलेजमधल्या दोघा मित्रांबरोबर भंवरकुआंजवळ, शिकवणी वर्गांच्या मुलामुलींसाठी डब्यांचे स्वयंपाकघर सुरू केले. माझे चार लाख त्यात आहेत. संध्याकाळचा हिशेब आणि रविवारची किराणा खरेदी माझ्याकडे असते. आता दोघांना विजय नगरात दुसरे, मोठे स्वयंपाकघर काढायचे आहे, आणि त्यासाठी मी नोकरी सोडून माझ्या व आईच्या नावावरचे घर बँकेकडे तारण ठेवावे असा त्यांचा आग्रह आहे. दर बैठकीत एकच वाक्य ऐकते : ‘आम्ही ऑल इन आहोत, तू नाहीस.’ कधी इंदूरचे जुने सट्टेबाज आणि गिरणीमालक सेठ हुकुमचंद यांचे उदाहरण देतात, कधी सिंहगडावरचे कापलेले दोर काढतात. हा शब्द पोकरमधला आहे एवढे मला माहीत आहे, पण त्याचा खरा अर्थ काय? आणि मी खरोखरच कच्च्या मनाची आहे का?
ता. क. : बैठकीची वही मी लिहिते. ‘ऑल इन’साठी तिथे मराठीत काय लिहू?
— एक भागीदार, इंदूर

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत, आणि त्यांपैकी शब्दाच्या अर्थाचा प्रश्न मी आधी घेतो, कारण उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. मित्रांनी ज्या शब्दाने तुम्हाला गप्प केले आहे, त्या शब्दामागचा नियम, गंमत अशी की, तुमच्याच बाजूचा आहे.

पोकर या पत्त्यांच्या खेळात प्रत्येक खेळाडू आपल्यापुढे टेबलावर काही चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, ठेवून बसतो. डाव सुरू झाला, की त्या डावात त्याला फक्त त्या क्षणी टेबलावर असलेल्या चिप्सच लावता येतात. मध्येच खिशातून पाकीट काढता येत नाही, हातातले घड्याळ लावता येत नाही, घराच्या कागदांचे तर नावच नको. या नियमाला ‘टेबल स्टेक्स’ म्हणतात. समजा, समोरच्याने दहा हजारांची बोली केली आणि तुमच्यापुढे हजारच उरले आहेत, तर पैसे कमी पडले म्हणून तुम्हाला पाने टाकून बाहेर पडावे लागत नाही. आहेत तेवढे हजार पुढे सरकवायचे, ‘ऑल इन’ म्हणायचे, आणि शेवटपर्यंत डावात राहायचे. समोरच्याजवळ कितीही असो, त्या डावात तुमचे हजारापलीकडे काही जात नाही. म्हणजे श्रीमंताने केवळ पैशांच्या जोरावर गरिबाला उठवू नये यासाठीची ही सोय आहे. ‘ऑल इन’मधल्या ‘ऑल’चा अर्थ ‘माझ्याजवळचे सगळे’ असा नसून ‘टेबलावरचे माझे सगळे’ असा आहे, आणि या दोन अर्थांमधले अंतर, तुमच्या बाबतीत बोलायचे तर, एका घराएवढे आहे.

मी काही पोकरचा जाणकार नव्हे. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेला मनुष्य मी. पण दिवाळीत माझा भाचा इंदूरला आला, की घरातल्या आठ-दहा जणांना बसवून हा खेळ शिकवतो, आणि पैशांऐवजी शेंगदाणे वापरतो. पहिल्याच वर्षी आमच्या एका मामांनी डाव चालू असताना आपल्या पुढ्यातले निम्मे शेंगदाणे खाऊन टाकले, तेव्हा भाच्याने त्यांना गंभीरपणे सांगितले, की टेबलावर आलेली चिप खेळ सोडून उठेपर्यंत टेबलावरून काढता येत नाही. त्यावरून बराच वाद झाला. त्या वादात मला मात्र हा नियम दोन्ही बाजूंनी कळला : डाव चालू असताना बाहेरचे आत आणता येत नाही आणि आतले बाहेर नेता येत नाही. टेबलाला कड असते, आणि खेळाडूला धीटपणे खेळता येते ते त्या कडेमुळेच. (हे शेंगदाण्यांचे पोकर आहे, हे लक्षात असू द्या. पैशांवर चालणारे ऑनलाइन खेळ संसदेने 2025 मध्ये कायदा करून बंद केले आहेत, आणि या सदरातून कोणाला पत्त्यांकडे वळवण्याचा माझा विचार नाही.)

याच नियमाचा पुढचा भाग तुमच्या फार उपयोगाचा आहे, म्हणून तो आकड्यांत मांडतो. तिघे खेळत आहेत. एकीजवळ हजार आणि इतर दोघांजवळ तीन-तीन हजार. ती हजार लावून ‘ऑल इन’ होते. दोघे तेवढे भरतात, म्हणून मुख्य ढीग तीन हजारांचा होतो, आणि तिचा हक्क या ढिगापुरता. त्या दोघांना आणखी खेळायचे असेल, तर त्यांनी खुशाल खेळावे. पण त्यांचे उरलेले दोन-दोन हजार वेगळ्या ढिगात जातात, ज्याला ‘साइड पॉट’ म्हणतात. त्या दुसऱ्या ढिगातला एक रुपयाही तिला मिळत नाही आणि त्यासाठी तिचा एक रुपयाही जात नाही. पाने उघडल्यावर तिचा हात सर्वांत चांगला निघाला, तर पहिला ढीग तिचा. दुसरा ढीग त्या दोघांपैकी ज्याचा हात वरचढ त्याचा. ‘तू आमच्याएवढे लावले नाहीस, म्हणून तू खेळातच नाहीस’, असे त्या टेबलावर तिला कोणी म्हणू शकत नाही.

आता हा शब्द टेबलावरून उठून कचेऱ्यांत आणि बैठकांत आला, तेव्हा वाटेत त्याची कड गळून पडली. इंग्रजीत ‘ऑल इन’ म्हणजे ‘पूर्ण मनाने सहभागी’ असा अर्थ रूढ झाला, आणि त्याला माझी हरकत नाही. शब्द असेच प्रवास करतात. त्याच इंग्रजीत पूर्वी ‘ऑल इन’ म्हणजे ‘थकून गळून गेलेला’ असाही अर्थ होता, जो आजच्या होतकरू उद्योजकांना कोणी सांगत नाही. ‘टेबल स्टेक्स’चे तर आणखीच विचित्र झाले. जो शब्द नुकसानीची कमाल मर्यादा सांगत असे, तो व्यापारी बोलीत ‘धंद्यात नुसते उतरण्यासाठी किमान लागणारी गोष्ट’ या अर्थाने वापरला जातो. कमालीचे किमान झाले.

पण तुमची खरी अडचण मराठीत बघितली की स्पष्ट दिसते. आपल्याकडे या बाबतीत दोन वेगळी घराणी आहेत. एका घराण्यात ‘झोकून देणे’, ‘वाहून घेणे’, ‘जीव ओतणे’, ‘कंबर कसणे’ हे वाक्प्रचार येतात, आणि ते सगळे श्रमांचे व मनाचे आहेत. दुसऱ्या घराण्यात ‘पणाला लावणे’ येतो. ‘पण’ म्हणजे द्यूतात लावलेली वस्तू, आणि तो शब्द मालमत्तेचा आहे. मराठी माणूस या दोहोंची गल्लत सहसा करत नाही. शेतावर जीव ओतणाऱ्याने शेत पणाला लावले आहे असे आपण म्हणत नाही. ‘ऑल इन’ मात्र दोन्ही अर्थ एकाच पिशवीत घालून येतो. तुमचे मित्र टोमणा मारतात तेव्हा त्यांना पहिला अर्थ अभिप्रेत असतो, म्हणजे तू मनापासून नाहीस. आणि तुम्ही तो टोमणा खोडून काढायला जाता तेव्हा पुढ्यात कागद येतो तो दुसऱ्या अर्थाचा, म्हणजे घर तारण ठेव. ते हे मुद्दाम करतात असे मी म्हणणार नाही. बहुधा त्यांच्याही लक्षात आले नसेल, कारण उसन्या शब्दाची शिवण कुठे उसवते हे वापरणाऱ्याला दिसत नाही. पण यापुढे कोणी विचारले, तर तुम्ही शांतपणे विचारा : ‘झोकून देण्याबद्दल बोलतो आहेस, की पणाला लावण्याबद्दल?’ पहिल्याचे तुमचे उत्तर चौदा महिन्यांच्या रविवारांनी दिलेले आहे. दुसऱ्याचे उत्तर हो किंवा नाही असे नसतेच. ते रकमेत असते.

आता त्या रकमेकडे येतो, आणि इथे मला माझ्या जुन्या खुर्चीवरून बोलावे लागेल. तुमचा धंदा कंपनी आहे, एलएलपी (म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहे की साधी भागीदारी, हे तुम्ही लिहिलेले नाही. पण ‘भागीदार’ अशी सही केली आहे, म्हणून साधी भागीदारी धरून चालतो. तसे असेल, तर चार लाख लावून आपण चार लाखांपुरत्याच गुंतलो आहोत, ही तुमची समजूत चुकीची आहे, आणि ती आजच दुरुस्त केलेली बरी. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 25 प्रमाणे, तुम्ही भागीदार असताना फर्मने केलेल्या सर्व कृत्यांसाठी प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे आणि एकट्यानेही जबाबदार असतो. म्हणजे फर्मच्या नावावर दुसऱ्या स्वयंपाकघराचे कर्ज निघाले आणि ते बुडाले, तर तुम्ही घर तारण ठेवले नसले, तरी येणेकरी तुमच्या वैयक्तिक मालमत्तेपर्यंत पोहोचू शकतो. साध्या भागीदारीच्या टेबलाला कडच नसते. 2008 च्या कायद्याने आलेली एलएलपी किंवा मर्यादित कंपनी यांच्या नावातला ‘मर्यादित’ हा शब्द म्हणजेच पोकरमधले टेबल स्टेक्स : जेवढे भांडवल कबूल केले, तेवढीच जोखीम. हा शब्द लोक पाटीवर रंगवतात आणि त्याचा अर्थ विसरतात.

बरे, मर्यादित कंपनी काढली म्हणून सगळे मिटत नाही. बँक अशा नव्या कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि मी स्वतः अशा कित्येक हमीपत्रांवर लोकांच्या सह्या घेतल्या आहेत. भारतीय करार अधिनियमाच्या कलम 128 नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. घर तारण असेल आणि हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला, तर खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते, आणि ती मुदत उलटल्यावर न्यायालयाचा हुकूमनामा न घेताही बँक घराचा ताबा घेण्याच्या कारवाईला लागू शकते. हमीपत्रावर सही करताना लोक मुलाच्या लग्नाबद्दल बोलत असतात, चहा घेत असतात. कागद वाचतो असे म्हणणारा माणूस क्वचित भेटला, आणि भेटला तेव्हा मागे उभे असलेले नातेवाईक त्याच्याकडे असे बघत, जणू त्याने त्यांच्या सचोटीवरच शंका घेतली आहे.

आता पोकरमधल्या एका गाजलेल्या ‘ऑल इन’विषयी. 2003 मध्ये लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसी राज्यातला एक अकाउंटंट (तुमच्याच व्यवसायबंधूंपैकी) मुख्य स्पर्धा जिंकला आणि त्याला पंचवीस लाख डॉलर मिळाले. अंतिम लढतीत सॅम फार्हा या मुरलेल्या खेळाडूसमोर, हातात राजापलीकडे काहीही नसताना, त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. फार्हाजवळ नव्वांची जोडी होती, म्हणजे पाने उघडली असती तर तो डाव फार्हाच जिंकला असता. पण तो विचारात पडला आणि त्याने पाने टाकली. ‘ऑल इन’ची सारी जादू या प्रसंगात आहे. तिथे जिंकण्याच्या दोन वाटा असतात : एक, तुमची पाने चांगली असावीत, दोन, समोरच्याने घाबरून आपली पाने टाकावीत. धंद्यात ही दुसरी वाट नाही. तुम्ही घर तारण ठेवले आहे हे कळल्यावर भंवरकुआंचा विद्यार्थी घाबरून तुमचाच डबा लावणार नाही. विजय नगरचा घरमालक भाडे उतरवणार नाही. तुरीच्या डाळीच्या भावावर तर याचा काहीच परिणाम होणार नाही. ‘सगळे लावले’ या धमकीचा उपयोग समोर पाने टाकू शकणारा प्रतिस्पर्धी असला तरच होतो. गिऱ्हाईक प्रतिस्पर्धी नसते. त्याला पोळी गरम हवी असते.

आणि त्या मनीमेकरने स्वतःचे किती लावले होते? मुख्य स्पर्धेची प्रवेश फी दहा हजार डॉलर होती, पण तो तिथे पोहोचला 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून. म्हणजे ज्याला जग ‘ऑल इन’चा नायक मानते, त्याची खरी जोखीम 86 डॉलरची होती, स्पर्धेतल्या चिप्स तर रोख पैसे नसतातच. तुमच्या मित्रांना ही गोष्ट सांगा, निदान ते पुढच्या वेळी दुसरे उदाहरण शोधतील.

‘पण आमची पाने चांगली आहेत,’ असे ते म्हणतील, आणि तेही तपासून पाहू. टेक्सस होल्डेम या प्रकारात हाती येणारी सर्वोत्तम सुरुवात म्हणजे दोन एक्के, जी सरासरी 221 डावांत एकदा येते. ती हाती धरून एका अनोळखी हाताविरुद्ध सगळे लावले, तर जिंकण्याची शक्यता सुमारे 85 टक्के. फार चांगली, यात वाद नाही. पण असेच सलग पाच वेळा सगळे लावले, तर पाचही वेळा तरून निघण्याची शक्यता 44 टक्क्यांवर येते. कॅल्क्युलेटरवर 0.85 चा पाच वेळा गुणाकार करून बघा. सर्वोत्तम पाने हातात असलेला माणूससुद्धा ‘दर वेळी सगळे’ या सवयीने निम्म्याहून अधिक वेळा बुडतो. तुमचे स्वयंपाकघर चौदा महिने चालले, हा एक डाव झाला. विजय नगर हा दुसरा, आणि पहिल्यात जमा झालेले सारे या दुसऱ्यात लावायचे आहे. तिसरा येणारच नाही असे कोण म्हणेल? ज्यांना दर बैठकीत ‘ऑल इन’ आठवते, त्यांना तो येतोच.

पोकरच्या जगात जॅक स्ट्रॉसची एक गोष्ट आवर्जून सांगतात. हा गृहस्थ 1982 मध्ये त्याच वर्ल्ड सिरीजचा विजेता झाला. सांगतात ते असे, की स्पर्धेच्या मध्यावर एका डावात त्याने आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि तो हरला. उठून जाताना त्याला आपल्या पुढ्यातल्या नॅपकिनखाली एक चिप राहिलेली दिसली. त्याने तोंडाने ‘ऑल इन’ असे म्हटले नव्हते, म्हणून ती चिप त्याची ठरली, आणि त्या एका चिपवर खेळत तो पुढे स्पर्धा जिंकला. या गोष्टीचे लोक नशिबाची गोष्ट म्हणून कौतुक करतात. मला ती उच्चाराची गोष्ट वाटते. पोकरच्या खोलीत पाळी आल्यावर तोंडाने उच्चारलेली बोली बंधनकारक असते. तेव्हा बैठकीत कोणी डिवचले म्हणून ‘हो, मीही ऑल इन’ असे तुम्ही एकदाही म्हणू नका, गमतीनेसुद्धा नाही.

सिंहगडाच्या दोरांबद्दल थोडेसे. 1670 च्या त्या लढाईची परंपरेने चालत आलेली कथा आठवा : तानाजी पडल्यावर मावळे माघारी वळू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचे सांगून त्यांना परत फिरवले. म्हणजे दोर कापले गेले ते सगळे गडावर पोहोचल्यानंतर, लढाई ऐन भरात असताना. कडा चढण्यापूर्वीच दोर कापणारा सरदार त्या कथेत नाही. तुमचे मित्र विजय नगरच्या गडाच्या पायथ्याशी उभे आहेत, आणि कात्री काढून बसले आहेत.

सेठ हुकुमचंदांचे नाव इंदूरमध्ये निघणारच. अफूच्या आणि कापसाच्या सट्ट्यातले त्यांचे किस्से आपल्या वाडवडिलांनी चवीने सांगितले आहेत, पण त्याच माणसाने या शहरात गिरण्या उभ्या केल्या आणि काच मंदिर बांधले, ही बाजूही डोळ्यांपुढे आहे. जो सगळे सट्ट्याच्या पाटावरच ठेवतो त्याच्या मागे असे काही उरत नाही. शिवाय त्या काळी त्याच बाजारात बुडालेल्यांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत. नोकरी ठेवून धंदा करणे म्हणजे अर्धवटपणा, असे ज्यांना वाटते, त्यांनी रात्री दहाला सराफ्यात जाऊन उभे राहावे. दिवसा जिथे सोन्याचांदीचा व्यवहार झाला, त्या मिटलेल्या दुकानांपुढेच गराडू नावाचे कंद तळले जातात आणि भुट्ट्याचा कीस परतला जातो. गराडूसाठी सोन्याचे दुकान कायमचे बंद केल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आईच्या घराबद्दल मला थोडे कठोर बोलावे लागेल. सभापर्वात द्यूत सुरू होण्यापूर्वी दुर्योधन जाहीर करतो, की पण मी लावीन आणि माझ्या वतीने मामा शकुनी खेळेल. एकाने लावायचे आणि दुसऱ्याने खेळायचे हे विषम आहे, अशी हरकत युधिष्ठिर तिथल्या तिथे घेतो, आणि तरीही फासे हाती धरतो. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्नही मुळात हाच होता, की जो स्वतःला हरला आहे त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का. तुमच्या प्रस्तावात खेळणारे तिघे आणि पणाला लागणार आहेत त्या खेळाबाहेरच्या चौथ्या बाई, म्हणजे तुमची आई. त्यांनी चौदा महिन्यांत एकाही बैठकीला हजेरी लावलेली नाही, नफ्यात त्यांचा वाटा नाही, आणि मुलीच्या शब्दाखातर त्या सही करतील हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणूनच ती सही मागू नका.

आता मित्रांच्या बाजूने. ते पहाटे पाचला कणीक मळतात आणि तुम्ही सायंकाळी वही उघडता. वाटा मात्र सारखा असेल, तर त्यांच्या मनात सल असणार, आणि ‘ऑल इन’ हा त्या सलाचा इंग्रजी पोशाख असू शकतो. भागीदारी अधिनियमाच्या कलम 13 प्रमाणे, करारात तसे लिहिलेले नसेल, तर धंद्यात राबणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा वेगळा मोबदला मिळण्याचा हक्क नसतो. तुमच्या करारात तसे लिहिले आहे का, ते पाहा. नसेल, तर दोघांना दरमहा ठरावीक पगार आणि त्यानंतर उरेल त्या नफ्याची वाटणी, असा प्रस्ताव तुम्ही स्वतः मांडा. श्रमांची भरपाई श्रमांच्या खात्यातून व्हावी. तिच्यासाठी घर लागत नाही. माझा अंदाज असा, की निम्मा आग्रह तिथेच विरेल.

उरलेल्या निम्म्यासाठी साइड पॉट. भंवरकुआंचे स्वयंपाकघर तिघांचे, आहे तसे चालू द्यावे. विजय नगर ही त्या दोघांची वेगळी संस्था असावी, शक्यतो एलएलपी. तिचे खाते वेगळे, कर्ज वेगळे, सह्या त्यांच्या. तुम्हाला तीत थोडे घालायचे असतील तर ठरावीक रक्कम घाला, आणि तीही अशी की बुडाली तर वर्षभर चरफडाल, पण घराचे दार तुमचेच राहील. हमीपत्रावर सही नको. जुन्या फर्मच्या नावावर नवे कर्ज निघणार नाही, हे भागीदारी करारात पुरवणी करून लिहून घ्या, आणि तिघांच्या लेखी संमतीशिवाय कर्ज नाही हे फर्मच्या बँकेलाही पत्राने कळवा, म्हणजे कलम 25 मागच्या दाराने घरात येणार नाही. दोघांना हे मान्य नसेल आणि ते तरीही फर्मच्या नावानेच कर्ज काढू पाहत असतील, तर मात्र चार लाखांचा हिशेब करून, निवृत्तीची जाहीर नोटीस देऊन बाहेर पडा. पाने टाकणे हीही पोकरमधली एक रीतसर चाल आहे, आणि चांगले खेळाडू ती इतर कोणत्याही चालीपेक्षा जास्त वेळा करतात.

कच्च्या मनाच्या तुम्ही आहात का? चौदा महिने नोकरी सांभाळून ज्यांनी डब्यांचा हिशेब एकटीने ठेवला, त्यांना मी हा प्रश्न विचारणार नाही.

ता. क. चे उत्तर : वहीत ‘ऑल इन’ही लिहू नका आणि ‘सर्वस्व पणाला’ही लिहू नका. प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहा, आधी अंकी आणि मग अक्षरी, चेकवर लिहितो तशी : ‘रुपये चार लाख फक्त’. शेवटचा ‘फक्त’ राहू देऊ नका. बँकेत आम्ही तो मुद्दाम लिहायला लावत असू, म्हणजे मागाहून कोणाला पुढे काही जोडता येत नाही.

आपला,
सदरलेखक